मोठी बांगडी

बाबा गेल्यावर माळा रिकामा करताना त्यांच्या मुलीच्या, पकडच्या, हाती आजीचं शिलाईमशीन लागलं. घुमटासारखं लाकडी झाकण, वर पितळी मूठ, बाजूला कुलूप आणि किल्लीचा पत्ता नाही. आजीने चिठ्ठीत "यंत्र धाकट्याला" असं लिहून ठेवलं होतं, म्हणून धाकट्याने, म्हणजे बाबांनी, ते इमानेइतबारे माळ्यावर चढवलं आणि पुढची चाळीस वर्षं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पकडच्या आईला तर तुटलेलं बटण लावायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. त्यामुळे कुलूप उघडायची वेळच कुणावर आली नाही.

त्याच चिठ्ठीत आणखी एक ओळ होती आणि त्या ओळीने घर फोडलं. "माझ्या चार मोठ्या बांगड्या मुलांनी आपसात वाटून घ्याव्यात. भांडू नये." मुलं तीन: थोरले काका, आत्या आणि बाबा. बांगड्या म्हटल्यावर सोनंच, आणि मोठ्या म्हटल्यावर भरपूर सोनं, यात कुणालाच शंका नव्हती. शोधाशोध झाली, बांगड्या काही सापडल्या नाहीत. शेवटच्या आजारपणात आजीजवळ आत्या होती, कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या. थोरल्या काकांनी दोन आणि दोन चार केले आणि तो हिशेब नात्यागोत्यात घरोघर पोचवला. आत्या शाळेत शिकवायची. मुलांच्या सहलीचे पैसे जमा करायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे असे. त्या वर्षी ते गुपचूप दुसऱ्या बाईंकडे गेलं. तिला तोंडावर कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

आता आत्या ऐंशीची होती. तिचं एकच म्हणणं असे. "मरायला मी तयार आहे गं. पण चोर म्हणून नाही."

पकड हे अर्थातच टोपणनाव. बाबांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान ती चालवायची आणि एखादी गोष्ट दातांत धरली की सोडायची नाही, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. तिने वाकवलेली तार घातली, दहा मिनिटं खुडबुड केली आणि कुलूप उघडलं. आत शिलाईचं काही नव्हतं. मनगटाएवढा एक आडवा पितळी ढोल होता, त्याच्या मागे बारीक आट्यांचा लांब दांडा, दांड्यावर सरकणारा एक हात आणि खाली चावीवर चालणारं घड्याळासारखं यंत्र. एका खाचेत नाण्याएवढ्या दोन गोल डब्या ठेवल्या होत्या. शिवाय डॉक्टर छातीला लावतात तशी, पण कडक होऊन तडकलेली रबरी नळी. हा फोनोग्राफ आहे, तबकडीच्या आधीच्या काळातला, नळकांड्यावर वाजणारा, एवढं तिने ओळखलं. एवढंच. पुढचं ओळखायला ती जुन्या वस्तूंच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे गेली.

व्यापारी नाकाने कांदे सोलणाऱ्यांपैकी होता. त्याने यंत्राला हात न लावताच मान हलवली.

"जोडाजोड आहे, बाई. हा हात या मशीनचा नाहीच. बघा ना, डबी बसवली तरी सुई ढोलापासून दोन बोटं वर राहील. टेकतच नाही, तर वाजणार काय? कुणीतरी भंगारातून उचलून बसवलाय. शोभेला ठेवायचं तर ठेवा."

पकड "बरं" म्हणाली आणि यंत्र काखोटीला मारून परत आली. तिला राग आला होता आणि राग आला की तिला बारीकसारीकही दिसायला लागे. दुकानाच्या खिडकीपाशी भिंग लावून ती बसली. यंत्राच्या बैठकीवर कारखान्यात ठोकलेला नंबर होता आणि हाताच्या खालच्या बाजूला, तेलाच्या काळ्या थराखाली, तोच नंबर होता. यावर व्यापारी म्हणाला असता, नंबर काय, कुणीही ठोकेल. पण पकडने आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांची अक्षरं पाहिली होती. कोणत्या टाइपरायटरचा 'र' लंगडा आहे हे ती कागद पाहून सांगायची. इथे दोन्ही नंबरांतल्या चार या आकड्याचा पाय एकाच जागी, एकाच तिरकेपणाने तुटलेला होता. म्हणजे ठसा एक, आणि बहुधा ठोकणारा कारागीरही एकच. हा हात याच यंत्राचा होता. तो दोन बोटं वर होता, कारण तो तसाच बनवला होता.

"मग खाली काहीतरी जाडजूड असायला हवं," ती स्वतःशीच मोठ्यांदा म्हणाली.

हे 'काहीतरी' कुणाला माहीत असेल तर भोंगेवाल्यांना. ते बाबांचे जुने स्नेही. उभी हयात ग्रामोफोन दुरुस्त करण्यात गेली, आता नजर गेली होती. पण बोटं शाबूत होती. पकडने यंत्र त्यांच्या मांडीसमोर ठेवलं. त्यांनी ढोल चाचपला, हात वर-खाली करून पाहिला, दोन बोटं आडवी घालून अंतर मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

"पोरी, हे कुठं मिळालं?"

"आमच्याच माळ्यावर."

"कर्म माझं! तुझा बाप दर रविवारी माझ्याकडे येऊन चहा प्यायचा आणि बोलला नाही." त्यांनी ढोलावर हात ठेवला. "हा छोटा ढोल. याच्यावर टोपीसारखा दुसरा मोठा ढोल चढतो. मग हात बरोब्बर टेकतो. एकाच मशीनवर दोन्ही मापं वाजतात, छोट्याला हात तेवढा वेगळा लावायचा. माझ्या गुरूंनी असं एक पाहिलं होतं, मी नुसतं ऐकलं. छोटी बांगडी आणि मोठी बांगडी, दोन्ही."

"छोटी काय?"

"बांगडी. मेणाचं नळकांडं गं, ज्याच्यावर आवाज भरतात. आमच्या धंद्यात बांगडीच म्हणायचे. बोटांत घालून धरायची, बाहेरून बोट लावायचं नाही. छोटी असायची मुठीत मावेल एवढी. मोठी असायची..." त्यांनी दोन्ही हातांनी लहान भांड्याएवढा गोल दाखवला. "मोठ्या बांगड्या फार कमी लोकांकडे. का गं? काय झालं?"

पकडला चिठ्ठीतली ओळ आठवली होती: चार मोठ्या बांगड्या. चाळीस वर्षं साप म्हणून भुई धोपटली होती सगळ्यांनी. आजीने सोन्याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता.

आता प्रश्न उरला की त्या बांगड्या गेल्या कुठे. आजीच्या शिवणाच्या खोलीतलं बाकी सामान थोरल्या काकांनी नेलं होतं, म्हणून पकड तडक त्यांच्याकडे गेली. काका ब्याऐंशीचे, चामड्याच्या पिशव्या शिवायचे आणि अजूनही रोज सकाळी बैठकीवर बसायचे. ती गेली तेव्हा ते दोऱ्याला मेण लावत होते. डाव्या हातात मातकट तपकिरी रंगाचा एक तुकडा, उजव्या हाताने दोरा त्याच्यावरून ओढायचा, पुन्हा ओढायचा. तुकडा किंचित वाकडा होता, फुटलेल्या मडक्याच्या खापरीसारखा. बाहेरच्या अंगाला केसाहून बारीक रेघा होत्या.

"काका, हे मेण कुठलं?"

"आईचं. शिवणाच्या खोलीत चार डबे होते. मेण म्हणावं तर कडक आहे, पण दोरा काय गुळगुळीत होतो! हल्ली असा माल मिळत नाही." त्यांनी मागच्या फळीकडे मान वळवली. "तीन संपले, हा शेवटचा तुकडा. एक अजून तसाच आहे. मला मरेपर्यंत पुरेल."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पकडला हसू फुटायला हवं होतं, पण तिला रडू आलं आणि मग संतापाने रडू आटलं. तिने फळीवरचा गोल पुठ्ठ्याचा डबा काढला, झाकण उघडलं. आत ती होती, अख्खी, एका कडेला पांढरट बुरशी आलेली. पकडने आतून बोटं घालून ती उचलली आणि काकांना सगळं सांगितलं. यंत्र, मोठा ढोल, भोंगेवाल्यांचा शब्द, सगळं.

काकांनी दोरा ओढायचा थांबवला नाही. "मेणाच्या बांगड्या! तुझ्या आत्यानं बरं शिकवलंय तुला."

"आत्याला अजून माहीतही नाही."

"मग ऐकव मला. नुसत्या गप्पा नकोत. आणि तो डबा ठेव खाली."

"डबा मी नेतेय," पकड म्हणाली. "चोरी म्हणायची तर म्हणा. या घरात तुम्हाला ती सवय आहेच."

आत्याने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, हसली नाही. तिने नळकांड्याकडे बराच वेळ पाहिलं, हात लावला नाही.

"दादाला निरोप दे," ती शेवटी म्हणाली. "माझ्या खोलीवर ये म्हणावं, तुझ्यासमोर वाजवू. आईचा आवाज निघाला आणि तिनं बांगडी म्हटलं, तर मी सांगेन ते तू करायचंस. नाही निघाला, तर बांगड्या मी घेतल्या असं सगळ्यांसमोर कबूल करते."

"आत्या, वेड लागलंय का? बुरशी आलीय तिला! आजी त्यात बांगडी म्हणाली असेल कशावरून? कदाचित कुणाचा खोकला भरलेला असेल!"

"आहे खरं. पण त्याशिवाय तो उंबरा ओलांडायचा नाही. तू वाजवशील. तू सोडतेस होय काही?"

असं कुणी म्हटलं की माणसाला माघार घेता येत नाही. पकडने दुकानाला महिनाभर अर्धी सुट्टी दिली. यंत्राची मुख्य कमान, म्हणजे स्प्रिंग, मधोमध तुटली होती; आजी-आजोबांनी ते कुलूपबंद का केलं त्याचं उत्तर तिथेच मिळालं. भोंगेवाल्यांनी आपल्या पेटाऱ्यातून एक ग्रामोफोनची कमान काढून दिली. ती रुंदीला कानसून घालताना दोनदा सुटली आणि पकडच्या अंगठ्याचं साल घेऊन गेली. पट्टा कुजला होता, तो तिने पातळ चामड्याचा कापून तिरक्या सांध्याने चिकटवला, म्हणजे फिरताना टक-टक होणार नाही. मोठ्या ढोलाचं माप बांगडीच्या आतून घेतलं. बांगडी आतून एका बाजूला किंचित निमुळती होती, म्हणून ढोलही तसाच हवा होता. लेथवर ढोल करून देणारा कातारी म्हणाला, "एवढा चढ कशाला? सरळ करू." तिने त्याला तीनदा परत करायला लावला. चौथ्यांदा त्याने न बोलता केला. तिने तो छोट्या ढोलावर चढवला, हात खाली आणला आणि सुई बरोबर टेकायच्या जागी आली.

राहिल्या त्या दोन गोल डब्या. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी: पितळी कडं, आत अभ्रकाची पातळ चकती, खाली खड्याचं टोक. एकीने आवाज वाजवायचा, दुसरीने भरायचा, म्हणजे मेण कोरायचं. कुठली कुठली, हे लिहिलेलं नव्हतं. चुकीची लावली असती तर शेवटच्या बांगडीवरचा आवाज तासून खाली भुसा पडला असता आणि आत्या स्वतःच्या तोंडाने चोर झाली असती.

पकडने हाताला लागलेली पहिली डबी बसवलीही होती. चावी द्यायची तेवढी बाकी होती. मग तिला वाटलं की टाइपरायटरच्या नव्या रबरी रुळावर आपण कधी थेट अक्षर मारत नाही, आधी कागद घालतो. तिने डबी काढली आणि एक मेणबत्ती घेऊन टोक हलकेच तिच्यावरून ओढलं. मेणाचा केसासारखा बारीक काप वळून वर आला. दुसरी ओढली, ती नुसती घसरली. पहिली डबी तिने रुमालात गुंडाळली, रुमाल खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि स्टुलावर बसून घेतलं. 

ठरल्या दिवशी सकाळी काका आले. आत्याच्या खोलीत एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर पुस्तकं. चाळीस वर्षांनी भाऊ-बहीण एका खोलीत होते आणि दोघांनाही कुठे पाहावं कळत नव्हतं.

"हिला सांग, मला अकरा वाजता जायचंय," काका पकडला म्हणाले.

"त्याला सांग, दार उघडंच आहे," आत्या पकडला म्हणाली.

नवी नळी एकच होती, पुढे दोन कानांसाठी दोन फाटे. पकडने एक टोक आत्याच्या कानात दिलं, एक काकांच्या. नळी आखूड, त्यामुळे दोघांना डोक्याला डोकं लावून बसणं भाग पडलं. तिने मऊ ब्रशने बांगडीवरून शेवटचा हात फिरवला, चावी भरली, कळ सोडली आणि हात खाली टेकवला. तिला स्वतःला काही ऐकू येणार नव्हतं. ती दोघांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"नुसती खरखर आहे," काका म्हणाले.

 आत्याने डोळे मिटून घेतले होते.

"खरखर. मी सांगितलं नव्हतं? मधमाशी गुणगुणतेय."

"मधमाशी?" पकडने विचारलं. "बारीक, चिरका आवाज?"

"हो."

पकडने वेगाच्या स्क्रूला बोट लावलं. आपल्या श्वासाचा आवाज येऊ नये म्हणून तिने तोंड मिटलं. पाव फेरा, आणखी पाव. आत्याच्या भुवया हलल्या. अजून थोडा.

"थांब!" आत्या ओरडली. "हीच. हीच गं. आईच."

काकांचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथेच घट्ट झाला. त्यांचे ओठ हलायला लागले, कुणीतरी सांगतंय ते शब्द आपणही म्हणून पाहावेत तसे. बांगडी संपली. पकडने यंत्राचा हात वर उचलला.

"काय म्हणाली?"

काकांनी कानातली नळी काढली. ते आत्याकडे पाहत होते, पण उत्तर पकडला दिलं. शब्द मधेच अडकत होते.

"म्हणाली, ही मोठी बांगडी, चौथी. पहिल्या तिन्हींत मुलं भरली. थोरल्याचं गाणं पहिलीत, लेकीची बडबड दुसरीत, धाकट्याचं नुसतं रडं तिसरीत. आता मी काय बोलू? मग... मग म्हणाली, थोरल्या, खाली उतर त्या खुर्चीवरून, पडशील." त्यांनी हातांकडे पाहिलं. "मी चार वर्षांचा असेन. त्या कर्ण्यात तोंड घालून ओरडायला लावलं होतं मला. पितळेचा वास यायचा. मला ते स्वप्न वाटायचं."

 काकांनी एकेका वर्षी किती दोरा ओढला असेल, हे तिघांच्याही मनात एकाच वेळी आलं असणार. स्वतःचं गाणं, बहिणीची बडबड, गेलेल्या भावाचं रडणं, सगळं लोकांच्या पिशव्यांत शिवून गेलं होतं.

"तू घेतल्या नव्हत्यास," काका म्हणाले. चाळीस वर्षांत ते पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"हे मला काय सांगतोस, दादा? मला माहीतच होतं." आत्याने टेबलावरचा फोन जवळ ओढला. "ज्यांना तू तेव्हा सांगितलंस, त्यांना सांग. तसं ठरलंय आपलं. आत्ता, इथं बसून."

"किती जणांना सांगितलं, ते आता कुणाच्या लक्षात आहे!"

"माझ्या," आत्या म्हणाली. "अकरा."

तिने कागद काढला नाही. एकेक नातं सांगत ती बोटं मिटत गेली. काकांची मेहुणी, चुलत सासरे, बाबांचे दोन मावसभाऊ, शाळेच्या बाई, शेजारच्या घरातल्या दोघी जावा. कोण, कुठे, कुणाच्या घरी कुठल्या निमित्ताने ऐकलं, सगळं. काका खाली मान घालून ऐकत होते.

"यातले सात गेले गं," ते म्हणाले. "मेलेल्यांना कसं सांगू?"

"त्यांना मुलं आहेत. मुलांना सांग. मुलांनाही तेच माहीत आहे."

पकडला वाटलं, आता काका उठतील. अकरा वाजायला आले होते. पण ते उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि हात पुढे केला. आत्याने फोन त्यांच्याकडे सरकवला आणि पहिला नंबर, मेहुणीचा, पाठ म्हणून दाखवला. पलीकडून कुणीतरी उचलला.

"मी बोलतोय, थोरला," काका म्हणाले. "अगं, आईच्या त्या बांगड्या... बहिणीनं घेतल्या असं मी तुला सांगितलं होतं ना, ते... हॅलो? नाही, ऐकू नाही आलं? बांगड्या म्हणतोय मी, बांगड्या..."

"दादा," आत्या म्हणाली, "तिला कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांग."

काकांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, सांगायला सुरुवात केली.